आधी जुन्या कापडावर

प्रिय धाकट्या,

फोन केला असता तर नेहमीसारखा 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणून सुटला असतास. पत्र असं मधेच कापता येत नाही, म्हणून लिहितेय. तर बातमी अशी की आपला काळा डबा सुरू झाला. राउटरशेजारचा, ज्यात घरातले सगळे फोटो, गाणी आणि बाबांचा आवाज होता, तोच. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर येऊन ज्याची तू वाट लावलीस आणि जाताना 'भंगारात दे आता' म्हणालास, तो.

आठवतंय ना, काय थाटात बसला होतास? कंपनीनं याला अपडेट देणं बंद केलंय, दुसरं फर्मवेअर, म्हणजे डबा चालवणारा प्रोग्राम, टाकतो, डबा नव्यासारखा पळेल, चहा होईपर्यंत काम झालं समज. मी विचारलं, आतलं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवलंस का? तर हसलास. म्हणे अगं, दोन डिस्क आहेत, एक गेली तरी दुसरीत सगळं तसंच असतं. आता मलाही कळतं की एकीवर पुसलं की दुसरीवरही त्याच क्षणी पुसलं जातं. तेव्हा मला नव्हतं माहीत. तुला असायला हवं होतं, तू पगार त्याचाच घेतोस.

बाबांच्या घशाचं ऑपरेशन तेव्हा नुकतंच झालं होतं. आवाज कायमचा जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, म्हणून त्यांनी रोज सकाळी खुर्चीत बसून तुझ्या छोटीसाठी गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या. जगात त्यांचा आवाज म्हणून तेवढाच उरला होता रे. तो गेला. आणि तू मान वर न करता म्हणालास, ताईनं जाता जाता बटण बंद केलं, मधेच वीज गेली, म्हणून सगळं उडालं. मी बोर्डाला हात लावला होता हे खरं, इस्त्रीची पिन काढायला. इतक्या ठामपणे बोललास की मलाच वाटायला लागलं, चुकून दुसरं बटण दाबलं असेन. तू विमानात बसून निघून गेलास. मी इथेच होते. आपली आत्या येईल तेव्हा मला सांगायची, बाई गं, त्या यंत्राजवळ जाऊ नकोस. तुझ्या बायकोनं छोटीला फोनवर सांगितलेलं मी ऐकलंय, तिच्या आत्यानं, म्हणजे मी, आजोबांच्या गोष्टी पुसल्या म्हणून. बाबा आता पाटीवर लिहून बोलायचे, पण याबद्दल काहीच लिहायचे नाहीत. मी जेवण वाढायचे, ते जेवायचे.

गेल्या हिवाळ्यात डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, खरंच माझ्या हातून झालं का, हे एकदा बघायचंच. नाटकांचे कपडे कापण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. मखमलीला कात्री लावायच्या आधी आम्ही जुन्या चादरीवर कापून बघतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तुला त्याचं हसू यायचं. मी दुरुस्तीवाल्याकडून आपल्यासारखाच एक मोडका डबा आणला. आपल्या डब्याला हात लावला नाही. मोडक्यात एक फालतू डिस्क घातली, तिच्यावर आमच्या नाटकांचे चार फोटो टाकले आणि तुझंच ते फर्मवेअर चढवायला घेतलं. अर्ध्यात आल्यावर मुद्दाम पिन उपटली. डबा मेला. पण डिस्क काढून दुसरीकडे लावली तर चारही फोटो जागेवर! कारण फर्मवेअर डब्याच्या आतल्या चिपवर जातं, डिस्कला ते शिवतही नाही. दुरुस्तीवाल्याच्या मदतीनं डबा पुन्हा उठवला, पुन्हा पिन उपटली. फोटो तिथेच. मग न उपटता पूर्ण होऊ दिलं, तर शेवटी पडद्यावर प्रश्न आला : डिस्कवर जुनी माहिती आहे, पुसून नव्यानं तयार करू का? अच्छा, म्हटलं. हे आहे होय! या प्रश्नाला तू 'हो' म्हणाला होतास. वाचायचीही तसदी घेतली नसशील.

तेव्हाच तुला फोन करून शिव्या घालणार होते. पण हाती घेतलेलं काम अर्धवट टाकवत नाही. दोन डिस्क एकत्र कशा चालतात ते बघायला अजून एक डिस्क हवी होती. ऑपरेशननंतर आठवड्याभरात, तू यायच्या आधीच, आपल्या डब्यातल्या एका डिस्कचा लाल दिवा लागला होता आणि तू फोनवरून सांगितलंस, ती खराब झाली, फेक आणि नवी घाल. मी नवी घातली, पण जुनी फेकवली नाही. सुयांच्या ड्रॉवरमध्ये पडून होती. खराब तर खराब, सरावाला चालेल, म्हणून लावली. आणि पुन्हा तोच प्रश्न, जुनी माहिती आहे, पुसू का? मी 'नाही' म्हटलं, आधी नुसतं उघडून बघितलं. डिस्कला काही झालंच नव्हतं रे, बहुतेक नीट बसलेली नव्हती. सगळं होतं. मी तिची दोनदा प्रत काढली आणि मगच कान लावला. बाबा बोलत होते. मी ड्रॉवरची कडा धरून ढसाढसा रडले.

मग आपला डबा सुरू करून सगळं त्यात परत भरलं आणि बाबांना ऐकवलं. डोळे मिटून एक अख्खी गोष्ट ऐकली त्यांनी. मग मी सांगितलं, वीज गेल्यानं काही पुसलं नव्हतं, मी करून बघितलंय. वाटलं, आता तरी हात धरतील. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं : मला माहीत होतं, मी शेजारीच बसलो होतो, त्यानं घाबरून खोटं सांगितलं, लहान आहे तो. एवढं पुसून खाली लिहिलं : त्याला लगेच कळव, त्याच्या मनाला लागून राहिलं असेल. चाळिशीला आलास तू, धाकट्या. दोन वर्षं मी या घरात चोरासारखी वावरले आणि ते बघत होते.

म्हणून हे पत्र. त्यांनी सांगितलं, मी कळवलं. सोबतच्या डिस्कमध्ये सगळ्या गोष्टी आहेत, छोटीला ऐकव. पण आधी तिला, तिच्या आईला आणि आपल्या आत्याला खरं काय ते तुझ्या तोंडानं सांग. मी आता कुणाला समजावत बसणार नाही. सगळं रेकॉर्डिंग मी शेवटपर्यंत ऐकलं, माझ्यासाठी काही आहे का बघायला. सगळं तुझ्या छोटीसाठी आहे. फक्त एका गोष्टीत ते मधेच थांबतात आणि आतल्या खोलीत हाक मारून म्हणतात, 'अगं चिमणे, पंखा बंद कर गं, आवाज येतोय.' मी उठून पंखा बंद केल्याचंही ऐकू येतं. तेवढा तुकडा मी माझ्याकडे वेगळा काढून ठेवलाय.

तुझीच, तरीही,
ताई