एकोडीचा पाव्हना

सर, तुमच्या मुलीचा फोन आला होता. तुम्हाला जाऊन आता अठरा वर्षं झाली. आपल्या झाडीपट्टीतल्या शब्दांची आणि बोलण्याच्या तऱ्हांची तुमची ती पातळ पुस्तिका तिला पुन्हा छापायची आहे. मी तुमची विद्यार्थिनी, त्यात आता स्वतः मराठी शिकवते, म्हणून मजकूर एकदा तपासून द्यायला तिनं माझ्याकडेच पाठवला. पाकीट आलं तसं मी बाकी सगळं सोडून एकच नोंद शोधली. ती होती तिथेच होती, आणि नोंदीखालच्या त्या माणसाच्या नावाआधी तुमच्या हातचं ‘कै.’ हे अक्षरही होतं. त्या माणसाविषयी तुम्हाला सांगायचं आहे.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षीची ही गोष्ट. ‘नकाशा फाटला, जीभ थोडीच फाटते,’ असं तुम्ही वर्गात म्हणायचात, पण मनातून धास्तावला होतात. निम्मे शब्द दुसऱ्या जिल्ह्याच्या खात्यात जातील असंच जणू तुम्हाला वाटत होतं. ‘भैताड’, म्हणजे वेडगळ, हा शब्द आला कुठून, यावर तुम्ही अख्खा तास घालवलात. प्रत्येकानं आपापल्या घरचा उगम सांगितला, शेवटी तुम्ही हात टेकलेत आणि म्हणालात, ‘शब्दाला बाप सापडत नाही, दावेदार मात्र दहा उभे राहतात.’ मग दिवाळीच्या सुट्टीत करायला तुम्ही आम्हाला कार्डं दिलीत. त्यावर चार रकाने होते: बोल, अर्थ, उगम, आणि सांगणाऱ्याचं नाव-गाव-काम.

माझ्याकडे बोल होता, अगदी अस्सल. माझी माय वरठीजवळच्या आमच्या गावात दुसऱ्यांच्या बांध्यांत, भाताच्या खाचरांत, रोवण्याला म्हणजे लावणीला जायची. धानाचा रोवणा करणाऱ्या बायांच्या तोंडी जे बोल असतात ते कुठल्या कोशात मिळायचे नाहीत. कोणी दारापर्यंत येऊन, मनातलं न सांगताच परत गेला की माय म्हणायची, ‘एकोडीचा पाव्हना!’ साकोलीकडची एकोडीच का, हे मला ठाऊक नव्हतं. मला मायला विचारता आलं असतं. पण चौथा रकाना आडवा आला. तिथे ‘माझी आई, शेतमजूर’ असं लिहावं लागलं असतं, आणि शेजारच्या बाकावरच्या पोरीनं आपल्या आजोबांच्या नावापुढे ‘निवृत्त मुख्याध्यापक’ असं वळणदार अक्षरात लिहिलेलं मी पाहिलं होतं. मग मी एक म्हातारा जन्माला घातला. वय ऐंशी, शेतकरी, राहणार एकोडी. त्याच्या तोंडी एक गोष्टही घातली: मुलगी पाहायला आलेला एक लाजरा पाहुणा अंगणातूनच कसा परतला आणि बिचारी मुलगी कशी बिनलग्नाची राहिली. आमच्याकडे याला फोकनाड्या मारणं म्हणतात. माझी फोकनाड चांगली दोन पानं झाली.

तुम्ही ती वर्गात मोठ्यानं वाचलीत. तासानंतर बोलावून तुमच्या वापरातला शब्दकोश मला दिलात. तो मी घेतला, सर. नाही म्हणायची अक्कल मला तेव्हाही होती, पण हात पुढे झाला. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये, मला न सांगता, एका रविवारी तुम्ही एसटीनं साकोली आणि तिथून पुढे एकोडी गाठलीत. सोमवारी वर्गात आलात तेव्हा चेहरा उन्हानं रापलेला होता. ‘बेटा, तुझा बुढा नाही भेटला,’ तुम्ही म्हणालात. ‘घरोघरी विचारलं. त्या नावाचा माणूस कोणालाच आठवत नाही. एका बाईनं पाणी दिलं, ती म्हणे, जुने लोक गेले जी सारे. गेला असेल गं तो. आपणच उशीर केला.’ तुम्ही खरोखर हळहळत होतात. मी खाली मान घालून बसले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते म्हाताऱ्यासाठीच आलं असं समजून तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात.

त्या आठवड्यात मी तुमच्या घरी आले होते, सगळं सांगून टाकायला. तुम्ही ओसरीत पेपर तपासत होतात. ‘काय काम काढलंस?’ ‘काही नाही सर, सहज.’ तुमच्या घरच्यांनी हातावर चिवडा ठेवला, तो खाल्ला आणि आले. घरी माय विचारते, ‘कुठी गेली होतीस वं?’ मी म्हटलं, सरांकडे, काम होतं, पण झालं नाही. ती हसली, ‘तू बी एकोडीचा पाव्हना झालीस का?’ त्या क्षणी तरी विचारायचं! मी तिच्यावरच खेकसले.

परवा मजकूर तपासताना मी ती नोंद मायला वाचून दाखवली. ती आता थकली आहे, कानानं कमी ऐकते. गोष्ट ऐकून हसली. ‘कोन नवरदेव? थो तं माहा बाप होता,’ ती म्हणाली. ‘लगन झालं त्या साली मी रोवन्यात असो. बाप एकोडीहून ये, वावराच्या कडेले, धुऱ्यावर उभा राहे. कायले आले जी बाबा, म्हटलं तं म्हने, काई नाई, इकडूनच जाऊन राहिलो होतो. पानी बी न पेता वापस जाये. मले न्यायले ये थो. माह्या सासऱ्याले, पोरीले चार दिवस धाडा, म्हनाची हिंमत नोती होत त्याची. बाया हासत, आला वं तुहा एकोडीचा पाव्हना! मंग साऱ्याच गावात तसंच बोलाले लागले. तू व्हाच्या आंधीच थो गेला, मंग माहं माहेरच तुटलं.’ मी विचारलं, ‘मले तवा काहून नाही सांगतलं?’ ती म्हणाली, ‘तुनं इचारलं कवा?’

सर, तुम्ही ज्या गावात भर उन्हात दारोदार फिरलात, तिथे तो म्हातारा खरंच होऊन गेला होता. तुम्ही चुकीचं नाव विचारत होतात, कारण ते मी दिलं होतं. खरं नाव सांगणारी बाई तुमच्या कॉलेजपासून सायकलच्या अंतरावर, दर पावसाळ्यात गुडघाभर चिखलात उभी असायची. तुम्ही तिच्याजवळ धुऱ्यावर बसून सगळं लिहून घेतलं असतं, आणि चौथ्या रकान्यात तिचं नाव तुमच्या अक्षरात आलं असतं.

आता ते मी माझ्या अक्षरात घातलं आहे. म्हाताऱ्यावर काट मारली, मायचं नाव लिहिलं, काम शेतमजुरी असंही लिहिलं, खरा उगम लिहिला. हे पत्र सोबत जोडून तुमच्या मुलीकडे पाठवायचं असं ठरवलं होतं. पण काल तिचाच फोन आला. म्हाताऱ्याची नोंद बदलल्याचं मी सांगताच, एवढी मोठी चूक कशी राहिली हो, असं तिनं विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, ‘बाबांकडूनच झाली असेल. शेवटी शेवटी त्यांचा फार गोंधळ व्हायचा.’

मी म्हणाले, ‘हो, तसंच झालं असेल.’