डब्यावरचा एक शब्द

ता. ३ फेब्रु. १९४४, नंदुरबार.
शाळा सुटल्यावर स्टेशनसमोर करीमभाईंकडे चहा. लष्करातून विक्रीला निघालेल्या बिस्किटांचे दोन डबे त्यांनी घेतलेत. एक माझ्यापुढे ठेवला. "मास्तर, यामा डुकरनं काही नही ना? वाची सांगा."
पीठ, साखर, मीठ ओळखलं. एक शब्द अडला. एल-ए-आर-डी. लॉर्डच असेल, कंपनीचा कोणी साहेब. पाचसहा गिऱ्हाइकं बघत होती. "काही नाही, खुशाल खा." येत नाही म्हणायला जीभ वळली नाही.

ता. ९.
करीमभाईंच्या अम्माला दात नाहीत. रोज दोन बिस्किटं चहात बुडवून खाते. गिऱ्हाइकांना करीमभाई सांगतात, "मास्तरनी वाचेल शे." आज त्यांचे दोन शेजारी आपापले डबे घेऊन माझ्या घरी आले. वाचून दिले. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

ता. १३, रवि.
नवापूरला ताईकडे. पीठ-साखरेच्या मधेच साहेबाचं नाव कशाला, हे डोक्यातून जाईना. शेजारच्या नर्सबाईंना कागदावर लिहून दाखवलं. "डुकराची चरबी," म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या.

ता. १४.
करीमभाईंकडे गेलो नाही. घरी सांगितलं, डोकं दुखतं.

ता. १५.
आजही नाही. अम्माची आज आणखी दोन.

ता. १६.
सांगितलं. करीमभाईंनी दुकानामागे नेलं.
"तुम्हले माहीत नव्हतं?"
"शब्द येत नव्हता."
"मंग तसं सांगतंस ना, मास्तर."
आवाज चढवला नाही. दोन्ही डबे खड्डा खणून पुरले, कपबशा धुवायला काढल्या. "गिऱ्हाईकले मी सांगसू. अम्माले नही. ती अन्न सोडी देई."

ता. १८.
प्रत्येकाला स्वतः सांगतात, चूक आपल्यावर घेतात. माझं नाव नाही. शिव्या दिल्या असत्या तर... हेडमास्तरांकडून डिक्शनरी आणली. शेजाऱ्यांचे डबे पुन्हा पाहिले. एकावरच्या दोन शब्दांचा अर्थ तरीही लागला नाही. या वेळी तसं म्हणालो. शेजाऱ्याने डबा उचलून परत नेला.

ता. २०.
अम्मा दुकानाबाहेर खाटेवर. मला हाक मारली. "मास्तर, मन्हं बिस्कुट काबर बंद कयं? करीम सांगत नही. तुम्ही तं वाचेल व्हतं ना?"
करीमभाई किटली हातात धरून माझ्याकडे बघत होते.
"वाचलं होतं," म्हणालो.
"मंग?"
तिच्या खाटेवर बसलो. "एक शब्द मला येतच नव्हता, अम्मा, तरी वाचलं म्हणालो."