मादलेनचं मधलं नाव

श्रूजबरी

सौ. सुलभास,

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? मनोहरची साखर उतरली का? काकूंचा खोकला गेला का? इथे सगळे खुशाल आहोत. मी स्वेटर घालतो.

फोनवर माझं निम्मं ऐकून तू ठेवून देतेस, म्हणून लिहितो. नातीचं बारसं दणक्यात झालं. आपल्या उल्काने आत्याचा मान घेऊन तिच्या कानात नाव सांगितलं: मादलेन.

निघताना तू बजावलं होतंस, "नाव आपलं ठेवा, नाहीतर तिकडेच राहा." आता पुढचं ऐक. हे फ्रेंच नाव सूनबाईच्या आजीचं. नॅटलीला त्या आजीनेच वाढवलं. सौमित्र म्हणाला, "बाबा, तुम्ही ठरवा." मला आपल्या लग्नातलं ताट आठवलं. मी तांदळात अंगठीने 'सुलभा' लिहिलं आणि तुझी माहेरची कालिंदी पुसली. तुला विचारलंसुद्धा नाही. आता आणखी एका बाईचं नाव कुठल्या तोंडाने खोडू? मी हो म्हटलं.

ही गोष्ट नॅटलीला सांगितली, तर ती म्हणाली, "मग मधलं नाव कालिंदी." जन्मदाखल्यावर तसंच छापून आलंय. बारशाला आलेल्या प्रत्येकीला मी तो कागद दाखवला, दोघींना तर दोनदा.

भांडी पुसताना आठ दिवस घोकून मादलेन माझ्या जिभेवर बसलंय. तुझ्याही बसेल.

रागावली असलीस तरी चार ओळी लवकर लिही. खाली सही कुठल्या नावाने करायची, ते या वेळी तू ठरव.

तुझा,
विष्णू