डावीकडून दोनदा

हाउकिलाम्पी, नोव्हेंबर

प्रिय पेन्ती,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच शेगडीत टाकशील, असं हिल्काचं म्हणणं आहे. मी बायकोला म्हटलं, पेन्ती आधी वाचेल, मग टाकेल. तेव्हा वाच बाबा, माझी बाजू राख.

आधी कामाचं. जानेवारीत तीन राजांच्या सणाला आपल्या बर्फाच्या रिंकवर जुन्या खेळाडूंचा आइस हॉकीचा सामना ठरलाय, हे तुला कळलं असेलच. कॉफीचा गाळा चालवणाऱ्या आइलाने कुणाला न विचारता फळ्यावर नावं लिहून टाकलीत: डावीकडे ओस्मो, मध्ये पेन्ती, उजवीकडे मार्त्ती. मार्त्ती स्पेनहून येतोय. तिकडे उन्हात भाजून भाजून त्याची कातडी जुन्या हातमोज्यासारखी झाली आहे, पण जीभ होती तशीच आहे. तुझं उत्तर अजून आलेलं नाही, आणि माझंही मी दिलेलं नाही. गावाला वाटतं, तुझ्यावरच्या रागापायी मी अडून बसलोय. त्यात थोडं तथ्य आहे. पण खरी अडचण वेगळी आहे. ऑक्टोबरपासून मी बर्फावर पाय ठेवलेला नाही, आणि पुन्हा ठेवीन की नाही, ते तू या पत्राला काय उत्तर देतोस त्यावर ठरणार आहे.

तुला माहीतच आहे, मला नसत्या चौकशा फार. बस डेपोत इंजिनं उघडून बसण्यात जन्म गेला, त्यामुळे एखादी गोष्ट अशी का चालते हे कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. तुझ्याबद्दल दोन गोष्टी मला कधीच उलगडल्या नव्हत्या. एक म्हणजे, मी नक्की कुठे आहे हे बर्फावर तू कधी बघून का घ्यायचा नाहीस? आणि दुसरी, तुला माहीत आहे ती. पहिलीचा छडा लागला, आणि तोसुद्धा आमच्या स्वयंपाकघरात.

झालं असं, की सप्टेंबरात एका सकाळी माझ्या एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं झालं. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याच्या मागची रक्तवाहिनी तुंबली, आता तो उघडा असला काय आणि मिटला काय, सारखंच. दुखत नाही. पण गंमत बघ, एका डोळ्याने दिसतं सगळं, फक्त कुठली वस्तू किती लांब आहे ते कळत नाही. पहिल्याच आठवड्यात मी कॉफी कपात ओतायची ती कपाशेजारी ओतली. नीट, धार धरून, सबंध टेबलावर. हिल्का आधी ओरडली आणि मग रडली. त्यानंतर मी किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून ओतायला लागलो. टेकली की कळतं, कप इथे आहे.

परवा हिल्का माझ्यासमोर बसली होती. मी किटली टेकवली तशी ती म्हणाली, “झालं. आता तूही पेन्तीसारखी किटली टेकवून माझ्या कपांचे टवके उडव.”

तिला फक्त कपांची काळजी होती. तुझ्या हातून टवका उडालेला निळ्या फुलांचा कप तिने अजून मागच्या फळीवर ठेवलाय, आणि कुणीही पाहुणा आला की त्याला तुझी कहाणी ऐकवते. मी मात्र किटली खाली ठेवली आणि कोट चढवून सरळ तळ्याच्या काठाने चालत सुटलो. एक नट ढिला झाला की सगळं यंत्र हातात सुटं होऊन येतं, तसं चाललं होतं. सॉनात, त्या वाफेच्या खोलीत, तू कायम वरच्या फळीच्या डाव्या टोकाला, भिंतीला खेटून बसायचास. मार्त्तीने एकदा मुद्दाम ती जागा बळकावली, तर तू पोरासारखा हट्टाला पेटून उभाच राहिलास, घामाने निथळत, पण दुसरीकडे बसला नाहीस. बसमध्ये तुला डावीकडचीच खिडकी लागायची. जेवायला गेलो की टेबलाचं डावं टोक तुझं. आम्ही म्हणायचो, हा पेन्तीचा शकुन-अपशकुन. गोलकीपर लोक डावा स्केट आधी चढवतात, तसंच काहीतरी. आणि दर वर्षी हंगामाआधी डॉक्टर तपासणीला यायचे तेव्हा तू मला रांगेत पुढे ढकलायचास. मी मूर्ख, भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं शाळेत कविता म्हणावी तशी खणखणीत वाचायचो, आणि मागे उभा राहून तू ती पाठ करायचास. खरं ना?

डावा डोळा, पेन्ती. तुला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं.

मी चुकत असेन तर इथेच पत्र फाड आणि मला वेड्यात काढ. पण मी चुकत नाही. म्हणूनच पहिल्या हंगामात तू मला बाजूला घेऊन सांगितलंस, “ओरडायचं नाही, ओस्मो. आरोळी समोरच्यांनाही ऐकू जाते. बर्फावर स्टिक आपट. दोनदा.” मला वाटलं, काय डोकं आहे या माणसाचं. तेव्हापासून मी आपटत राहिलो. मोकळा झालो की टक टक, आणि चकती थेट माझ्या स्टिकवर. उजवीकडून मार्त्ती चिडवायचा, “अरे ए, खेळतोयस की पेन्तीचं दार ठोठावतोयस?” त्याला काहीच आपटावं लागत नव्हतं. तो तुला दिसत होता.

कधी गेला रे तो डोळा? मला वाटतं, त्या हिवाळ्यात, ज्या वर्षी तू मामाच्या गावाहून काळानिळा होऊन आलास आणि गायीने लाथ मारली म्हणालास. तुझ्या मामाकडे गाय नव्हती, हे मला त्याच्या शेजाऱ्याकडून पुढे कळलं होतं. मला वाटलं, पोरीच्या भानगडीत मार खाल्ला असशील. गोठलेल्या तळ्यावर खेळताना चकती बसली का? घरी कुणाला सांगितलं होतंस? एका डोळ्यावर इतकी वर्षं वरच्या लीगमध्ये कसा खेळलास? डावीकडून धडकायला येणारा माणूस तुला कसा कळायचा? आता तू टीव्हीवर दिसतोस, कोच म्हणून, बाकामागे अगदी डाव्या टोकाला मान तिरकी करून उभा. निवेदक सांगतो, हे गृहस्थ बर्फ ऐकतात, स्केटच्या आवाजावरून कोण दमलाय ते ओळखतात. स्विस वर्तमानपत्रांनीही त्यावर लेख छापले म्हणे. मी परवा तुला पाहिलं आणि एकटाच हसत बसलो. हिल्काला कारण सांगितलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही, निश्चिंत राहा.

आता दुसरी गोष्ट.

तू खेळणं सोडलंस आणि त्याच संघाचा कोच झालास, तेव्हा गावात सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. तुझ्या जागी तो तरणा लास्से आला. त्याला दोन्ही डोळे होते, पाठीलाही असावेत. माझ्या टकटकीची त्याला काही गरज नव्हती. उलट समोरच्या संघांना एव्हाना ती पाठ झाली होती. मी आपटलं रे आपटलं की त्यांचा बचाव माझ्या अंगावर. तू सरावात सांगायचास, स्टिक बंद कर. मी बंद करायचो, आणि सामना सुरू झाला की हात आपोआप आपटायचा. अंगवळणी पडलेलं असं सांगून जातं होय? मग कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळातला तो दिवस. तू म्हणालास, “तुझी जागा मी दुसऱ्याला दिली.” मी कारण विचारलं. तू म्हणालास, “आवाज.” मी म्हणालो, “हा आवाज तूच शिकवलास मला. कशासाठी शिकवलास, तेवढं सांग आणि मग काढ.” तू भिंतीकडे बघितलंस, टोपी घातलीस आणि निघून गेलास.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पुढे कित्येक वर्षं मी मनात तुझ्याशी भांडलो. गाडीच्या खाली झोपून बोल्ट आवळताना भांडलो, मासे पकडायला गळ टाकून बसलो की भांडलो. ज्याने सवय लावली त्यानेच त्या सवयीपायी घरी बसवलं, आणि वर कारण सांगायलाही जीभ उचलेना. आज कळतंय की ते सांगायचं तर डोळ्याचं सांगावं लागलं असतं. एका डोळ्याच्या माणसाला तेव्हा संघाने कोच म्हणून ठेवलं असतं की नाही कोण जाणे. मला राग नाही असं म्हणत नाही. मला वाईट वाटतं, की तू मलाही सांगितलं नाहीस. मी कुणाला सांगणार होतो? बरं, मार्त्तीला सांगितलं असतं. म्हणजे सगळ्यांनाच.

पण सगळ्यात जास्त लागलं ते त्यानंतरचं. मार्त्तीची आई गेली तेव्हा दफनाला तू आला होतास. मी ठरवून आलो होतो, की आज बोलायचं, झालं ते झालं. हातात फुलं घेऊन तुझ्या शेजारी येऊन उभा राहिलो, अगदी कोटाला कोट लागेल इतका जवळ. पाद्रीबाबांची प्रार्थना चालली होती म्हणून आधी काही बोललो नाही. वाटलं, तू नुसती मान वळवलीस तरी पुरे. तू समोर खड्ड्याकडे बघत राहिलास. एकदाही वळला नाहीस. मी फुलं ठेवली आणि घरी आलो. हिल्काला म्हणालो, पेन्तीचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. ते मी पाळलं, पेन्ती, तिने कपाचा विषय काढला तेवढं सोडून.

परवा तळ्याकाठी मला आठवलं, मी तुझ्या डाव्या हाताला उभा होतो.

तिथल्या बाकावर बसून मी रडलो. या वयात, कुत्री फिरवणारे लोक बघत असताना. तुला मी दिसलोच नव्हतो, आणि तुला वाटलं असेल ओस्मो आला आणि पाठ फिरवून गेला. तसंच वाटलं ना? हे एवढं मला लिहून कळव. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं नाही दिलीस तरी चालेल.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. ऑक्टोबरात रिंक रिकामा असताना मी आइलाकडून किल्ली घेतली आणि एकटाच बर्फावर उतरलो. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसरीत कुंपणाची फळी कुठून आली कळलंच नाही. खांद्यावर आपटलो, आणि घाबरलो तर असा, की चारही हातापायांवर दारापर्यंत आलो. तेव्हापासून स्केट खुंटीला आहेत. हिल्का म्हणते, असू देत. पण तू कित्येक वर्षं असाच खेळलास, आणि कसं ते सांगू शकेल असा माणूस मला माहीत असलेला तू एकटाच आहेस. तेव्हा तू ये. सामन्याआधी चार दिवस ये, आमच्याकडे उतर, टवक्याच्या कपातून कॉफी पी आणि मला शिकव. एवढ्या सगळ्यांचा कोच झालास, माझाही हो. आणि एक सांगायचं राहिलं: माझा गेला तो उजवा डोळा. मी डावीकडे आणि तू मध्ये, म्हणजे तुला मी दिसणार नाही आणि मला तू. मी माझी स्टिक आपटीनच, ती काही सुटलेली नाही. यावेळी तूही आपट. दोनदा.

तुझाच,
डावीकडचा ओस्मो