दोन टिंबं, एकावर एक

३ मार्च
इंटरनेटवाल्यांनी फर्मान काढलं — कॉम्प्युटरांचे चार आकड्यांचे जुने पत्ते बंद, आता नवे लांबलचक! आकडे, मध्येच इंग्रजी अक्षरं, जागोजागी दोन टिंबं. ग्रंथालयातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना ते घालायचं काम अर्थात माझ्या गळ्यात. सगळे निमूट बदलले. अडून बसला तो पुस्तकं देण्याघेण्याचा प्रोग्रॅम. त्याच्या पत्त्याच्या चौकटीत चार आकड्यांपलीकडे काही मावतच नाही!

तो प्रोग्रॅम बाबांचा. इथे नोकरीत असताना स्वतः लिहिलेला. साहेब म्हणाले, "पुढच्या शुक्रवारपर्यंत चालला तर ठीक, नाहीतर नवा घेऊ."

४ मार्च
संध्याकाळी बाबांकडे. आई गेल्यापासून एकटेच असतात. मी महिन्यातून एकदा तोंड दाखवते, तेही घाईत. "चौकट मोठी करायची, एवढंच ना?" म्हणून बसले ते उठेचनात. निघताना म्हणाले, "झालं. ने!"

५ मार्च
झालं कसलं! मशीनच्या खोलीतून काउंटरवरच्या बाईंना टाइप करायला फोनवर पत्ता सांगितला.
"...मग दोन टिंबं, एकावर एक."
"म्हणजे विसर्ग?"
"हो हो, विसर्ग!"
दोघी खूप हसलो. प्रोग्रॅम हसला नाही — 'पत्ता चुकीचा'. बाईंनी पडद्याचा फोटो पाठवला. तो घेऊन बाबांकडे. बराच वेळ बघत बसले. "शोधू या. उद्या ये."

६ मार्च
ओळ न् ओळ तपासली. काही नाही.

१० मार्च
रोज ऑफिस सुटलं की बाबांकडे. आज जेवायलाच ठेवून घेतलं. मध्येच आईच्या गोष्टी, माझ्या शाळेतल्या खोड्या. तिकडे साहेबांनी नव्या प्रोग्रॅमवाल्यांना बोलावलंय. मी रडायच्या बेतात, आणि हे गृहस्थ खुशाल शीळ घालतायत!

१४ मार्च
सापडलं!! शेवटचा प्रयत्न म्हणून बाईंच्या शेजारी उभी राहिले. आकडे घातले, अक्षरं घातली — आणि टिंबांपाशी येताच बाईंनी कीबोर्ड मराठी करून खराखुरा विसर्ग ठोकला! दिसायला जवळजवळ सारखाच. मीच तर "हो हो" म्हणाले होते! तो खोडून टिंबं घातली, आणि प्रोग्रॅम सुतासारखा सरळ. साहेब म्हणाले, "राहू दे मग हाच." मी काउंटरवरच नाचले.

१५ मार्च
बाबांना विसर्गाची गंमत सांगितली. हसले नाहीत.
"फोटोतच दिसला होता गं."
"मग बोलला का नाहीत? तुमचा प्रोग्रॅम गेला असता ना!"
"गेला असता. तू रोज येत होतीस."