फरहाची ताटली

४ मे, चंद्रपूर
आज प्रयोगशाळेत रुजू झाले. बाहेर शेहेचाळीस अंश आणि माशांच्या खोलीत कायम अठ्ठावीस! त्यामुळे अख्खी प्रयोगशाळा काही ना काही निमित्त काढून इथेच घुटमळते. झेब्रामासे बोटाच्या पेराएवढे आहेत. लोक इथे पट्टेवाला वाघ बघायला येतात, मी पट्टेवाले मासे बघते, असं अहेरीला जिशानला फोनवर सांगितलं. नवरा पोट धरून हसला. माशांना खाऊ घालणारे लटारूभाऊ सगळ्यांवर खेकसतात, मला मात्र त्यांनी खुर्ची दिली. पाचवा महिना लपत नाही. पहिलं राहिलं नव्हतं. हे तरी राहू दे.

९ मे
काम समजलं. कोरपन्याकडच्या एका घरात बाळांचं हृदय पोटातच बंद पडतं. त्या घरातल्या बाईच्या रक्तातलं जनुक माशाच्या ताज्या अंड्यात सोडायचं. दुसऱ्या दिवशी काचेसारख्या पिल्लात हृदय धडधडताना दिसतं. तुलनेसाठी निरोगी माणसाचं जनुक लागतं, आणि ते नव्याने आलेल्याने द्यायचं अशी इथली रीत. प्रयोगशाळेच्या प्रमुख रंजीता मॅडम म्हणाल्या, अशा दिवसांत तू नको देऊस. मीच हौसेने हात पुढे केला.

१३ मे
त्या बाईचं जनुक सोडलेल्या काचेच्या ताटलीतली पिल्लं जेमतेम तग धरून आहेत. माझ्या ताटलीत चाळीसच्या चाळीस हृदयं बंद. ताटल्यांची अदलाबदल झाली असणार, असं मॅडम म्हणाल्या. मला हायसं वाटलं.

१६ मे
पुन्हा केलं. चिठ्ठ्या मॅडमनी स्वतः लावल्या. माझीच बंद. मॅडम माझ्या पोटाकडे बघत नव्हत्या. मी डबा खाल्ला. वांग्याची भाजी होती. चव लागली नाही.

१७ मे
मेलेली पिल्लं फेकायला दिली. लटारूभाऊंनी ताटली परत आणून ठेवली. म्हणाले, मी नाई फेकत बाई, हे तुमच्याकडेच पाहून राह्यले.
खरंच. मी खुर्ची डावीकडे सरकवली. सगळी डावीकडे वळली. हृदयं बंदच. भीती वाटायला हवी होती. वहीत नोंद केली.

१८ मे
सकाळपासून बाळ हललं नाही. जिशानला सांगितलं, सगळं बरं आहे —

१९ मे
सोनोग्राफी. ठोके नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, उद्या दाखल व्हा. रडू आलं नाही.

दुपारी आडवी झाले. कूस बदलली. आत तेही वळलं. डॉक्टरांना फोन केला. भास होतात म्हणाल्या.

उठून बसले — तेही —

पोटावर हात ठेवला. थंड. तोंड वर करून — ते माझ्याकडे बघ—