धूळ खाली बसल्यावर

२ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! टेम्पोतून उतरलो तेव्हा मी आणि सासूबाई, दोघी भुवयांपासून पावलांपर्यंत एकाच विटकरी रंगाच्या झालो होतो. सासूबाई म्हणाल्या, सासू-सुनेचं पटत नाही म्हणतात, आपला निदान रंग तरी जुळला.

घर माझ्या मनासारखं आहे. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे पायऱ्या, आणि पायऱ्या संपतात तिथे रस्ता. हाच तो माझा रस्ता. दगडाच्या खाणीकडून येतो, घरांना खेटून पुढे जातो आणि मोठ्या सडकेला मिळतो. डांबर नाही, नुसती माती आणि बारीक खडी. दिवसभर ट्रक जातात, आणि मग कपाटात, पाण्याच्या पेल्यात, उशीच्या अभ्र्यात, जिथे बघावं तिथे धूळ. ती कशाने खाली बसते आणि किती दिवस बसून राहते, हे तपासायला कंपनीने मला पाठवलंय.

हे जहाजावर. सून एकटी कशी राहील म्हणून सासूबाईंनी स्वतःच बॅग भरली. मी वरवर कुरकुरले, पण आता त्यांची स्वयंपाकघरातली खुडबुड ऐकताना बरं वाटतंय. घरमालकीण शेजारीच राहते. तिने विचारलं, सून काय करते? तर सासूबाई म्हणाल्या, जग दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकून पोट भरतं, आमची सून धूळ खाली बसवून भरते.

५ फेब्रुवारी

कामाला लागले. रस्त्याचे तीन तुकडे पाडले. घरांसमोर क्षाराचं पाणी मारलं. ते हवेतला ओलावा धरून ठेवतं, रस्ता दमट राहतो. मधल्या तुकड्यावर कागदाच्या कारखान्यातला तपकिरी द्राव, मधासारखा दाट, मातीचे कण एकमेकांना चिकटवणारा. खाणीजवळचा तिसरा तुकडा मुद्दाम कोरा ठेवला, तुलनेला.

फवारणी करतो तो घरमालकिणीचा धाकटा भाऊ. त्याच्या शर्टाचा मूळ रंग कोणता, हे त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. बेसूर गातो, मोठ्याने गातो आणि सासूबाईंना मावशी म्हणून त्यांच्याकडून चहा उकळतो. मोजणीची गाडी चालवणाऱ्याला सगळे ‘सावकाश’ म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक वाक्य त्याच शब्दावर संपतं. माणूस भला आहे. नुकताच बाप झालाय, झोपेला पारखा झालाय.

९ फेब्रुवारी

आज पहिली मोजणी. गाडीच्या मागच्या चाकामागे नळी लावली आहे. ती हवा ओढते, धूळ फिल्टरवर जमते, आणि तो फिल्टर मी तराजूवर ठेवते. कोऱ्या तुकड्यावरचा फिल्टर चॉकलेटच्या रंगाचा झाला. मधला फिक्का. घरांसमोरचा जवळजवळ पांढराशुभ्र! मी सावकाशच्या पाठीत धपाटाच घातला. संध्याकाळी आकडे साहेबांना पाठवून दिले.

एक गंमत. इथे ट्रक गेला की लोक घरात जातात, खिडकीशी उभे राहतात आणि धूळ पुरती बसेपर्यंत तिच्याकडे बघत राहतात. मग बाहेर येतात. मला वाटलं, खोकल्याच्या भीतीने. पण आज ट्रक गेला, धूळ उठलीच नाही, आणि समोरची बाई अर्धवट उघडलेल्या दारात कितीतरी वेळ उभी. बाहेर यावं की आत जावं, तिला ठरवता येईना. घरमालकिणीला विचारलं. ती म्हणाली, सवय हो, दुसरं काय. आणि भाजी करपल्याचा बहाणा करून आत गेली. करपल्याचा वास काही आला नाही.

१३ फेब्रुवारी

हे नीट लिहून ठेवते. शांतपणे.

भर दुपारी कोऱ्या तुकड्यावर होतो. मी मागे वळून नळीकडे बघत होते. गाडीमागे धुळीचा नेहमीचा भिंतीसारखा लोट. त्या लोटात एक जागा मोकळी होती. उभी, माणसाच्या उंचीची. वर गोल, त्याखाली रुंद. धूळ तिच्या कडेपर्यंत येत होती आणि दुभंगून बाजूने जात होती, जसं खांबाभोवतून पाणी जातं. पण खांब नव्हता. त्या जागेतून पलीकडची झाडं स्वच्छ दिसत होती.

आणि ती जागा आमच्यामागून चालत होती. पळत नव्हती, चालत होती. तरी अंतर वाढत नव्हतं.

मी आधी वाऱ्याचा हिशोब केला, मग चाकांच्या भोवऱ्याचा. कशातच बसेना. सावकाश आरशात बघत होता. त्याने वेग वाढवला. मधल्या तुकड्यावर आलो तशी धूळ संपली आणि मागे नुसता मोकळा, उन्हाने चकाकणारा रस्ता उरला. काही नाही. म्हणजे, दिसत काही नव्हतं.

उतरल्यावर मी विचारलं, तर म्हणाला, ताई, उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघा. सावकाश म्हणायचं विसरला.

१४ फेब्रुवारी

सावकाश आला तरीही. म्हणाला, घरी बसलो तरी माझं घर याच रस्त्यावर आहे. मोजणी केली नाही. सासूबाईंना काही सांगितलेलं नाही. त्या खूश आहेत, पुसायचं फडकं स्वच्छच राहतं म्हणून.

१६ फेब्रुवारी

फवारणीवाला भाऊ सकाळी घरांसमोरच्या तुकड्यावर दुसरा हात मारत होता. त्याचं गाणं इथे स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. मग एका ओळीच्या मध्येच थांबलं. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, कानांना विसावा. बऱ्याच वेळाने मी बाहेर डोकावले. फवारणीची नळी रस्त्यावर पडलेली, पाणी वाहतंय. तो थोडा पुढे उभा होता, खाणीकडे पाठ करून. मी हाक मारली. वळला. माझ्याकडे बघून चालत घरी निघून गेला.

त्याचा शर्ट निळा आहे. आज कळलं. फिकट निळा, बारीक पांढऱ्या रेघांचा. एक डाग नव्हता त्याच्यावर. चपलाही दुकानातून आणल्यासारख्या.

१७ फेब्रुवारी

भावाची बायको लेकरांना घेऊन घरमालकिणीकडे आली आहे. भिंतीतून रडणं ऐकू येत होतं. शेवटी सासूबाईच उठून गेल्या, मीही मागोमाग. ती म्हणत होती, घरात बसलाय तो माझा नवरा नाही. जेवत नाही, बोलत नाही. चुलीतली राख उडाली तर त्याच्या अंगावर बसत नाही, बाजूने जाते.

मग घरमालकीण बोलली. म्हणाली, लहानपणापासून एवढंच माहीत आहे, की धूळ उठली की आत जायचं आणि धुळीत मोकळी जागा चालताना दिसली तर ती जाईपर्यंत दार उघडायचं नाही. ते गाड्यांमागून येतं आणि जातं. काय आहे, कोणाला ठाऊक? आजवर कोणाला धरलं नाही, कारण आजवर ते प्रत्येक वेळी दिसलं.

मी चिडले. हे आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, बाप खोकून खोकून गेला माझा. धूळ बंद करा म्हणून अर्ज दिला, त्यावर पहिली सही माझीच. मला वाटलं, धूळ जाईल तर तेही जाईल.

१८ फेब्रुवारी

साहेबांना फोन केला. म्हटलं, प्रयोग फसला, क्षार टिकत नाही, काम थांबवा. ते हसले. आकडे तुम्हीच पाठवलेत ना बाई, इतके सुंदर आकडे मी पाहिले नाहीत. उद्या मोठा टँकर येतोय, कोरा तुकडाही मारून टाकू.

मी मग खरं सांगितलं. म्हणाले, चार दिवस रजा घ्या.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी दाराची कडी तपासली, मग म्हणाल्या, चल, बादली घे.

दोघींनी घरामागची कोरडी माती आणून पायऱ्यांवर, दारासमोर पसरली, ते आलं तर दिसावं म्हणून. जन्मभर धूळ पुसली, म्हणाल्या, आता पसरायची वेळ आली, सुनेच्या राज्यात हेही करावं लागतंय. मी हसले. मग रडले. त्यांनी मातीच्या हातानेच माझं तोंड पुसलं.

१९ फेब्रुवारी

टँकर येऊन गेला. पूर्ण रस्ता आता काळा, ओला, गुळगुळीत. कुठेच धूळ नाही.

आमची पायरीवरची माती ओलाव्याने बसली. उडत नाही. पाऊल तरी उमटेल का त्यात —

खिडक्या बंद. सगळ्या घरांच्या बंद. दिवसाढवळ्या रस्त्यावर एक माणूस नाही. फक्त फवारणीवाला भाऊ. स्वच्छ शर्टात. एका घरासमोर उभा राहतो, मग पुढच्या घरासमोर.

सावकाश बायको-बाळाला सडकेपलीकडे सोडून आला. उद्या आम्हाला न्यायला येतो म्हणाला. अकरा वाजता, हॉर्न देईन, तोवर बाहेर येऊ नका. बॅग भरली आहे. तराजू, फिल्टर सगळं इथेच टाकणार.

२० फेब्रुवारी, सकाळ

हॉर्न नाही.

गाडी आली आहे, दिसते खिडकीतून. दार उघडं. इंजिन चालू. आत कोणी —

सासूबाई म्हणतात, त्या पोराला काही झालं असेल. मी म्हटलं, आई, नको. कडी काढू नका. शपथ घातली. त्या परत खुर्चीत बसल्या. मी फोन करायला आतल्या खोलीत गेले, कोणी उचलत नाही, साहेब नाही, कोणीच —

कडी वाजली. दार उघडल्याचा आवाज.

दुपार

त्या रस्त्यावर उभ्या होत्या. गाडीजवळ. सावकाशला हाक मारायला गेल्या असणार, काळजीने, त्यांचा स्वभावच तसा. मी धावले. हात धरून आत आणलं. आल्या. कडी लावली.

खुर्चीत बसल्यात. पाणी दिलं, घेतलं नाही. आई, काय झालं, म्हटलं. बघतात नुसत्या. घाबरल्या आहेत. घाबरल्याच असणार. कोणीही घाबरेल.

दार उघडं राहिलं होतं. मी धावले तेव्हा. ते आत आलं असेल तर —

दिसायला हवं. धूळ हवी. घरात चिमूटभर नाही. पुसून पुसून —

पीठ. पिठाचा डबा.

लिहीत राहते. हात थरथरत नाही लिहिताना.

उधळलं. वर, छतापर्यंत. सगळी खोली पांढरी. खोकला.

दारापाशी — नाही. सरळ खाली पडतंय.
कपाटापाशी नाही. खिडकीपाशी नाही.
खाटेभोवती —
नाही. कुठेच मोकळी जागा नाही. नाही आलं आत! आई, नाही आलं, वाचलो आपण, म्हटलं मी, ओरडलेच —

पीठ बसतंय. वहीवर. माझ्या बोटांवर. टेबल, बॅग, फरशी, सगळं पांढरं.

सासूबाईंचे केस. चष्मा. मांडीवरचे हात.

एक कणही —

नाही, दिसत नसेल नीट, अंधुक आहे, पीठ अजून —

उठल्या.

आई म्हणते आहे मी. आई. ऐकत नाहीत. इकडे येतायत, आणि त्यांच्या पुढचं पीठ बाजूला होत —